मॉनिटर स्पीकर की भारी हेडफोन: आधी खोली मोजा

मावसबहिणीचं गाणं मी घरीच रेकॉर्ड केलं होतं. काळी पाचमध्ये भूप, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी षड्ज धरून, साथीला तानपुरा, तबला आणि पेटी. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या १० बाय १२ च्या खोलीत मॉनिटर स्पीकरवर (स्टुडिओत आवाज पारखायला वापरतात ते) मिक्स करताना, म्हणजे सगळ्यांचे आवाज जुळवताना, मला सारखं वाटायचं, की डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज फारच घुमतोय. म्हणून ११५ हर्ट्झच्या आसपासचा भाग इक्वलायझरवर (ठराविक सुरांचा आवाज कमीजास्त करणारं साधन) चांगला सहा डेसिबल खाली घेतला. खोलीत ऐकायला सुरेख झालं. दुसऱ्या दिवशी तेच गाडीत लावलं, तर डग्ग्यातला जीव गेलेला आणि तानपुरा नुसता तारांचा, भोपळाच नसल्यासारखा. घरी येऊन हेडफोनवर ऐकलं, तर तिथंही तेच.

दोष स्पीकरचा नव्हता, माझ्या कानांचाही नव्हता. दहा फूट रुंदीच्या खोलीत बरोबर मध्यभागी बसलं की ११३ हर्ट्झचा सूर फुगून येतो. काळी पाचचा खर्ज षड्ज येतो साधारण ११६ हर्ट्झवर. जे खोलीत होतं ते मी गाण्यातून काढून टाकलं.

"चांगले मॉनिटर घेऊ की तेवढ्याच पैशात भारी हेडफोन?" असं नवीन माणूस विचारतो, तेव्हा मी म्हणूनच ब्रँडची नावं घेण्याआधी खोलीचं माप विचारते. हेडफोन खोलीला बाजूला ठेवतो. मॉनिटर खोलीसकट वाजतो. हा एक फरक नीट समजला, की बाकीची तुलना तुमची तुम्हाला करता येईल. ती कशी करायची, ते पायरीपायरीनं सांगते.

पायरी १: कशासाठी हवंय ते ठरवा

ही पायरी छोटी आहे, पण बरेच जण ती गाळतात. नुसतं निवांत ऐकायचं असेल तर प्रश्न आवडीचा आहे. रियाज रेकॉर्ड करायचा असेल, पॉडकास्ट किंवा डबिंग करायचं असेल, तर बंद पाठीचा (आवाज बाहेर झिरपू न देणारा) एक हेडफोन लागणारच, कारण माइकसमोर स्पीकर चालू ठेवता येत नाही. मिक्सिंग शिकायचं असेल तर कधी ना कधी दोन्ही लागतील, प्रश्न फक्त आधी काय घ्यायचं एवढाच.

आणि शेजार बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बेस भिंतीतून आरपार जातो. नोकरी करून रात्री जेवणानंतरच वेळ मिळत असेल, तर तुमचं उत्तर निम्मं इथंच मिळालं: हेडफोन.

पायरी २: खोली मोजा

बाथरूममध्ये गुणगुणताना एखाद्याच सुरावर सगळी खोली दणदणते, हे सगळ्यांनी अनुभवलंय. तो सूर तुम्ही जोरात लावलेला नसतो. त्या सुराची लहर त्या दोन भिंतींमध्ये नेमकी बसते, म्हणून तो फुगतो. बेडरूममध्येही हेच होतं, फक्त खोली मोठी असल्यामुळे ते सूर खाली, बेसमध्ये जातात.

टेप घ्या. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा, आणि ५६५ ला प्रत्येक मापानं भागा. (आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याचं हे निम्मं.) १० फुटांना साधारण ५६ हर्ट्झ, १२ फुटांना ४७, साडेनऊ फुटांच्या छताला ५९. याच आकड्यांच्या दुपटीही लिहा: ११३, ९४, ११९. खोली कुठं खोटं बोलणार, त्याची ही यादी. चौरस खोली, म्हणजे १० बाय १०, सगळ्यात वाईट, कारण दोन आकडे एकावर एक येतात आणि तो सूर दुप्पट त्रास देतो.

आता ही यादी गाण्याच्या भाषेत बघा. पुरुष गायक काळी एकमध्ये असेल तर तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर असतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा १०४ वर. काळी पाचचा ११६ वर, आणि तो माझ्या खोलीच्या ११३ आणि ११९ च्या मधोमध सापडला.

कागदावरचं खरं वाटत नसेल तर कानानं तपासा. मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, स्पीकरमधून बारीक आवाजात ११३ हर्ट्झ लावा आणि खोलीत हळूहळू चाला. एका जागी सूर छातीत जाणवेल, दोन पावलांवर जवळजवळ नाहीसा होईल. स्पीकर तोच, सूर तोच, आवाजही तेवढाच. पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसती इकडून तिकडे फिरत होते. हा प्रयोग केल्याशिवाय मॉनिटरवर एक रुपयाही खर्च करू नका.

पायरी ३: मॉनिटर नीट मांडा, मगच तुलना करा

भिंतीला चिकटलेल्या टेबलावर, पुस्तकांच्या गठ्ठ्यामागे ठेवलेल्या मॉनिटरची चांगल्या हेडफोनशी तुलना करणं म्हणजे मॉनिटरवर अन्याय.

खोलीच्या लांबीच्या दिशेनं तोंड करा, म्हणजे १० फुटांची भिंत समोर येईल. डावी-उजवीकडे दोन्ही भिंती सारख्या अंतरावर हव्यात. पण खुर्ची लांबीच्या मधोमध नको. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे १२ फुटांत साडेचार फुटांवर, सुरुवात करा आणि तिथून अर्धा-अर्धा फूट पुढेमागे सरकून ऐका. दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, बाजू साधारण तीन ते चार फूट. ट्विटर (मॉनिटरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. टेबल बुटकं असेल तर खाली विटा ठेवून त्यावर रबराचा तुकडा टाका, चालतं.

मागच्या भिंतीचं अंतर हा वेगळाच विषय आहे. स्पीकरमधून मागे गेलेला बेस भिंतीवरून परत येतो आणि एका ठराविक सुरावर पुढच्या आवाजाला मारतो. २८२ ला फुटांतल्या अंतरानं भागा. वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर खड्डा १४१ हर्ट्झवर, एका फुटावर असेल तर २८२ वर. लहान खोलीत मी स्पीकर भिंतीच्या जवळ सरकवते, मागचं छिद्र मोकळं राहील एवढीच जागा सोडून, आणि पाठीमागचं बटण वापरून वाढलेला बेस कमी करते. यामाहाच्या एचएस ५ या पाच इंची मॉनिटरवर यासाठी शून्य, उणे दोन आणि उणे चार डेसिबल असे पर्याय आहेत. अनेक कंपन्या असं काही ना काही देतात.

बाजूच्या भिंतीवर आपटून पहिल्यांदा कानाशी येणारा आवाज, म्हणजे पहिलं परावर्तन, कुठून येतं ते शोधायला आरशाची जुनी युक्ती आहे. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात ट्विटर दिसला, की तिथं खूण करा. तिथं चार इंच जाडीचं रॉकवूलचं पॅनेल लावायचं. लाकडी चौकटी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून किंवा गल्लीतल्या सुताराकडून होतात, रॉकवूल एसीच्या डक्टचं काम करणाऱ्यांकडे मिळतं. हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला आणि वरून कापड घट्ट शिवा, तंतू हवेत उडायला नकोत. अंड्यांचे ट्रे लावू नका. ते थोडा ट्रेबल खातात आणि बेसला हातही लावत नाहीत, त्यामुळे खोली आणखीच कोंदट वाटते. गोधडीचंही तेच. कोपऱ्यांत गुंडाळून उभ्या केलेल्या कापसाच्या जुन्या गाद्या मात्र थोडी मदत करतात, मी दोन वर्षं त्याच वापरल्या.

वायरिंग: इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा), लॅपटॉप आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डवरून चालवा, नाहीतर अर्थिंगच्या गोंधळामुळे घूंऽ असा आवाज येतो. त्यावर उपाय म्हणून अर्थची पिन काढू नका, तो जिवाशी खेळ आहे. बॅलन्स्ड केबल (बाहेरची घरघर कमी पकडणारी) वापरा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत केबल आणि पिना मिळतात, पण घेताना केबल तीन टोकांच्या पिनेची आहे ना, ते हातात घेऊन बघा. पिनेवर दोन काळ्या रेघा दिसल्या पाहिजेत. मॉनिटर सगळ्यात शेवटी चालू करायचे आणि सगळ्यात आधी बंद करायचे.

पायरी ४: हेडफोनलाही त्याचा हक्क द्या

भारी हेडफोन मोबाइलला लावून "यात काही दम नाही" म्हणणारे मला नेहमी भेटतात. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून चालत आलेला हेडफोन ३०० ओहमचा आहे, म्हणजे विजेला त्याचा अडथळा जास्त. मोबाइलच्या छोट्या डोंगलला तो नीट चालवता येत नाही, आवाज मरतुकडा येतो. त्याला हेडफोन अँप (आवाजाची ताकद वाढवणारा डबा) किंवा चांगला इंटरफेस हवा. उलट ऑडिओ-टेक्निकाचा एम ५० एक्स ३८ ओहमचा, तो कशावरही वाजतो. म्हणून हेडफोनची किंमत काढताना अँपचे पैसे त्यात धरा.

उघड्या पाठीचे हेडफोन बहुधा मोकळे, नैसर्गिक वाटतात, पण आवाज आतबाहेर सगळा झिरपतो. बाजूला कुणी झोपलं असेल तर त्याला तुमचं गाणं ऐकू येणार आणि तुम्हाला डोक्यावरचा पंखा. तुलना करताना दहा मिनिटं पंखा बंद करा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हे जड जातं, म्हणून मी ऐकण्याचं काम पहाटे करते. तेव्हा रस्ताही शांत असतो.

ब्लूटूथ नको. लॅपटॉप-मोबाइलमधली सगळी "एन्हान्समेंट" बंद करा. फाइल वेव्ह किंवा फ्लॅक घ्या.

पायरी ५: आवाजाची पातळी सारखी करा

ही पायरी चुकली तर पुढचं सगळं फुकट. दोन साधनांमध्ये जे थोडंसं मोठं वाजतं, ते कानाला "जास्त चांगलं" वाटतं. एका डेसिबलचा फरकसुद्धा निकाल फिरवतो. शिवाय आवाज कमी असला की आपल्याला बेस कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणजे हेडफोन हळू आणि स्पीकर मोठा, तर स्पीकर "भरदार" वाटणारच.

मोबाइलवर डेसिबल मोजणारं ॲप घ्या, मॉनिटरमधून पिंक नॉइज (धबधब्यासारखा सळसळता आवाज) लावा आणि बसण्याच्या जागी ७० ते ७५ डेसिबलवर आणा. हेडफोनची पातळी घरच्या घरी अशी मोजता येत नाही, ती कानानं जुळवायची. साथीशिवायचा एखादा गायलेला किंवा बोललेला आवाज लावा, हेडफोन काढघाल करत तो सारखा जवळ, सारखा मोठा वाटेपर्यंत बटण फिरवा. जुळलं की दोन्ही बटणांच्या जागी चिकटपट्टीनं खूण करा.

इथंच कानांबद्दल बोलते, कारण हेडफोनवर आवाज नकळत वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबल ४० तास चालतात, ९० डेसिबल मात्र फक्त चार तास. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: सरावाला कानात बोळे घाला, आणि सरावाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आवाजाची पारख करू नका. दणक्यानंतर काही तास वरचे सूर बधिर होतात. त्या अवस्थेत केलेलं मिक्स टोचरं होतं, आणि विकत घेतलेला हेडफोनही टोचराच निघतो.

पायरी ६: काय ऐकायचं

प्रत्यक्ष समोर बसून जे ऐकलंय, तेच निवडा. घरात पेटी असेल तर ती रेकॉर्ड करा, आईला दोन मिनिटं बोलायला सांगा. सवाईला मुकुंदनगरच्या मंडपात आपण जे ऐकतो ते मोठ्या स्पीकरमधून आलेलं असतं. कुणाच्या दिवाणखान्यात माइकशिवाय ऐकलेली बैठक कसोटीसाठी जास्त उपयोगी, कारण तिथला तानपुरा तुमच्या कानात खऱ्या आकाराचा असतो.

तानपुऱ्यापासून सुरुवात करा. हेडफोनवर बोट तारेवरून सुटताना ऐकू येईल, जवारीची, म्हणजे तारेच्या झणझणण्याची, रेघ वरच्या सुरांतून खाली घसरताना मोजता येईल, दोन तानपुरे किंचित बेसूर असतील तर तेही लगेच पकडता येईल. अशा बारकाव्यांत चांगला हेडफोन त्याच्या कितीतरी पट किमतीच्या स्पीकरला मागे टाकतो. श्वास, पेटीच्या भात्याची कुरकुर, संकलनात राहून गेलेली टकटक, सगळं तिथं सापडतं. अशी साफसफाई मी कधीही मॉनिटरवर करत नाही.

मग गायिका कुठं बसली आहे ते बघा. हेडफोनवर ती तुमच्या डोक्याच्या आत असते, तबला एका कानाला चिकटलेला, पेटी दुसऱ्या. मॉनिटरवर ती समोर, दोन स्पीकरच्या मधोमध, तिथं काहीच नसताना दिसल्यासारखी ऐकू येते. कारण साधं आहे. डावा स्पीकर उजव्या कानालाही ऐकू येतो, फक्त पाव मिलिसेकंदाच्या आसपास उशिरा आणि थोडा मंद. या उशिरावरूनच मेंदू जागा ओळखतो. हेडफोनमध्ये डावं फक्त डाव्याला, त्यामुळे हा हिशेबच होत नाही. म्हणून कोण कुठं बसणार, किती मागे, गाण्याला किती रिव्हर्ब (वरून घातलेला घुमारा), हे निर्णय मॉनिटरवर घ्या. हेडफोनवर रिव्हर्बची शेपटी शेवटपर्यंत ऐकू येते, म्हणून मी तो नेहमी कमी ठेवायचे आणि गाणं बाहेर कोरडं वाजायचं.

तिसरा, डग्गा. शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ सुराच्या पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं. त्यामुळे चांगल्या साधनावर "ना" नुसता टण् न वाजता सुरात वाजतो. आणि डग्ग्याची घसीट, मनगट दाबत सूर वर नेणं, ही खोलीची सगळ्यात कडक परीक्षा. घसीट एका ओघात वर जायला हवी. मॉनिटरवर ती मध्येच फुगली किंवा गायब झाली आणि हेडफोनवर सलग गेली, तर ती खोलीची करामत. दोन्हीकडे तुटली तर रेकॉर्डिंगमध्येच काहीतरी आहे. ही एक कसोटी मला इतर सगळ्यांपेक्षा भरवशाची वाटते, आणि दहा सेकंदांत होते.

खर्जाबद्दल एक सावधगिरी. एचएस ५ च्या माहितीपत्रकात सगळ्यात खालचा सूर ५४ हर्ट्झ लिहिलाय, पण ते दहा डेसिबल खाली आल्यावर. तीन डेसिबलच्या हिशेबानं तो ७४ वरच थांबतो, म्हणजे काळी एकचा ६९ चा खर्ज त्याच्या उतारावर येतो. पाच इंची वूफरकडून एवढीच अपेक्षा ठेवा. मात्र १० बाय १२ मध्ये आठ इंची आणून ठेवणंही शहाणपणाचं नाही. जो बेस खोली पेलत नाही, तो वाढवून काय करणार? खालच्या बेससाठी हेडफोन, त्यातही प्लॅनर प्रकारचे (पातळ, सपाट पडद्याचे), जास्त खरं बोलतात. एचडी ६०० सारखे उघड्या पाठीचे काही हेडफोन मात्र सगळ्यात खालच्या पट्टीत हळूच उतरतात, हे लक्षात ठेवून बेस वाढवण्याचा मोह टाळा.

हे सगळं एका बैठकीत करू नका. वीस मिनिटं ऐका, वहीत लिहा, उठून चहा घ्या. दुसऱ्या दिवशी उलट क्रमानं ऐका आणि मगच कालची वही उघडा.

पायरी ७: खरेदी

भाड्याचा फ्लॅट, छोटी खोली, शेजार लागून, रात्रीचं काम: आधी हेडफोन आणि अँप घ्या. पुढच्या वर्षी पाच इंची मॉनिटरची जोडी, आणि त्याच वेळी पॅनेल. पॅनेलला पैसे उरत नसतील तर मॉनिटर एक पायरी स्वस्त घ्या, पॅनेल गाळू नका. स्वतःचं घर, १२ बाय १५ च्या पुढची खोली आणि दिवसा वेळ असेल, तर मी मॉनिटरपासून सुरुवात करायला सांगेन, कारण तासन्‌तास बसूनही कान कमी थकतात आणि जागेची जाण लवकर येते.

दुकानात मॉनिटरची किंमत बऱ्याचदा एका नगाची लिहिलेली असते, जोडीची आहे का ते विचारून घ्या. दुकानातल्या ऐकण्यावरून बेस ठरवू नका, ती खोली वेगळी आहे. तिथं फक्त दोन्ही नग सारखे वाजतात का, बारीक सीऽऽ येतो का, बटणं खरखरतात का, एवढं तपासा. परत घेण्याची मुदत असेल तर ती बिलावर लिहून घ्या आणि पॅकिंग फेकू नका. हेडफोन चष्मा घालून वीस मिनिटं डोक्यावर ठेवून बघा, पाच मिनिटांत कुठलाही हेडफोन आरामदायी वाटतो.

घरी आणल्यावर मॉनिटरच्या आणि खुर्चीच्या पायांच्या जागा फरशीवर टेपनं आखून ठेवा. झाडूफरशीत स्पीकर दोन इंच जरी सरकला तरी समोरची गायिका एका बाजूला झुकते. आणि हेडफोनच्या गाद्या घामानं दीड-दोन वर्षांत चपट्या होतात, कान पडद्याच्या जवळ जातो आणि आवाज बदलतो. नव्या गाद्या घातल्या की आतल्या बाजूला तारीख लिहून ठेवा.